वजा बारा

तारामती कास्टिंग्जमध्ये खरं कुणी बोलत नसे, आणि फौंड्री त्यामुळंच चांगली चालली होती.

यात दचकण्यासारखं काही नाही. कोल्हापूरच्या आसपास पन्नास वर्षं टिकलेल्या कुठल्याही कारखान्यात जा, थोड्याफार फरकानं हेच दिसेल. स्टोअरचे खोत तीस पोती माल असला की बावीस सांगायचे. प्लॅनिंगच्या उर्मिला तोडकर गिऱ्हाइकाची तारीख वीस असली तर खाली शॉपमध्ये अठरा सांगायच्या. आणि मेल्टिंगचे शीतल मगदूम भट्टीचं लायनिंग अजून डझनभर हीट आरामात काढेल असं दिसत असतानाच, "संपलं! आता एक हीटसुद्धा नको!" म्हणून बोंब ठोकायचे. जो तो हातचा राखून बोले, ऐकणारा तो हातचा वजा करून ऐके, आणि माल वेळेवर ट्रकमध्ये चढे.

शीतल हे नाव ऐकून हसू नका. त्या भागातल्या जैन घरांत मुलाचं नाव शीतल ठेवतात, तीर्थंकरांचं नाव आहे ते. आता त्याच माणसानं सव्वीस वर्षं दीड हजार अंशाच्या भट्टीपुढं उभं राहावं हा नशिबाचा भाग झाला. चेष्टा करणाऱ्यांनी करून घेतली, दमले, आणि मग सगळे त्यांना नुसतं 'अण्णा' म्हणायला लागले.

लायनिंगचं एवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. विजेवर चालणारी भट्टी म्हणजे तांब्याच्या नळीचं वेटोळं, नळीतून थंड पाणी खेळवलेलं. वेटोळ्याच्या आत वाळूसारखी पांढरी भुकटी ठोकून ठोकून बसवलेली जाड भिंत असते, तीच लायनिंग. तिच्या आत लोखंडाचा रस. एकदा भट्टी भरून वितळवली आणि ओतली की एक हीट झाली. प्रत्येक हीटला भिंत झिजते. अडीचशे हीट झाल्या की जुनी फोडून नवी ठोकायची, त्यात दीड दिवस भट्टी बंद. ऑफिसला तो दीड दिवस नको असतो, भट्टीवाल्याला भिंत फुटायला नको असते, आणि फुटली तर एका बाजूला रस आणि दुसऱ्या बाजूला पाणी. अण्णांचा बारा हीटचा हातचा होता तो याच भीतीपोटी.

मग खरोखरच आणीबाणी असली तर? त्याचीही रीत होती. कुणी ठरवून लावलेली नव्हती, आपसूक पडलेली. गोष्ट खरी असली की माणूस फोनवर बोलायचा नाही. स्वतः उठून चालत यायचा, आणि समोर चहा आला की म्हणायचा, "चहा नको." बस्स. तारामतीत चहाला नाही म्हणणं ही चेष्टा नव्हती. वीस वर्षांत अण्णा दोनदा जिना चढून उर्मिला मॅडमपुढं उभे राहिले होते, दोनदा चहा नको म्हणाले होते, आणि दोन्ही वेळा मॅडमनी एक शब्द न विचारता भट्टी बंद केली होती.

दोन हजार पस्तीस साली कंपनीत 'सांधा' आला.

सांधा ही माहितीप्रणाली. खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, सगळी खाती एकमेकांना सांधणारी, म्हणून हे नाव. तशा प्रणाल्या आधीही होत्या, पण त्यांची एक गोची होती. प्रत्येक खातं आपापला आकडा भरायचं आणि यंत्र तो खरा धरून चालायचं. आत थाप गेली की बाहेर थापच यायची. सांधा बनवणाऱ्यांनी शहाणपणा असा केला, की त्यांनी माणसाच्या शब्दावर विश्वासच ठेवला नाही. फोनवर, वॉकीटॉकीवर, स्क्रीनवर माणूस जे बोलेल ते सांधा टिपून ठेवी. पुढं प्रत्यक्ष काय झालं तेही टिपे. दोन्हींतला फरक काढे. कुणी चोवीस तास आधी ओरडतो, कुणी आठ पोती दडवतो, कुणी कुणाची बाजू घेतो. शंभरेक नोंदी झाल्या की प्रत्येक माणसाच्या नावापुढं एक आकडा स्थिर होई. त्याला 'अंतर' म्हणत. मग खोत बावीस म्हणाले की खरेदीच्या स्क्रीनवर आपोआप तीस उमटे. अण्णा खाली "संपलं!" म्हणून ओरडले की वर अक्षरं येत: बारा शिल्लक.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. भांडणं मिटली, माल पडून राहीना, मालक इंगवले तर सांधाच्या प्रेमातच पडले. अंतरं सगळ्यांना दिसत असल्यामुळं त्यांची टोपणनावं झाली. भट्टीच्या पॅनेलवर बसणारा इक्बाल मुजावर अण्णांना बघितलं की हाक मारी, "या, वजा बारा!" अण्णाही हसत. घरी बायको पद्मजा म्हणायला लागली, "सातला येतो म्हणालाय ना, म्हणजे साडेआठचं पान वाढते." तेव्हा मात्र अण्णांना जरा लागलं.

त्यांनी सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "उद्यापासून खरं बोला की, अंतर आपोआप कमी होईल," असं सांधा बसवायला आलेल्या पोरीनं त्यांना समजावलं होतं. अण्णांनी मनावर घेतलं. पुढच्या लायनिंगला बारा हीट शिल्लक दिसत होत्या, ते सरळ म्हणाले, "बारा शिल्लक." सांधानं त्यात नेहमीचे बारा मिळवले आणि चोवीस हीटचा कार्यक्रम लावून दिला! अण्णांचं धाबं दणाणलं. दुसऱ्याच मिनिटाला ते ओरडले, "संपलं, संपलं!" तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. म्हणजे बघा कसा पेच आहे. खरं बोलायला लागायचं तर अंतर उतरेपर्यंत सहा महिने भट्टी फुटायची वाट बघत बसायची. कोण बसेल? अण्णा पुन्हा बारा हीट आधी ओरडू लागले, आणि सांधा पुन्हा बारा वजा करू लागला.

अडतिसाव्या सालातल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी साडेआठला, अण्णांनी एक नंबरच्या भट्टीत वाकून बघितलं. दिवसाची पहिली हीट नुकतीच ओतून झाली होती. रिकामी भट्टी आतून नारिंगी चमकत होती, आणि तळाशी डाव्या अंगाला तळहाताएवढा काळसर डाग होता.

भिंत जिथं पातळ होते तिथं मागच्या पाण्याचा गारवा आधी पोचतो, आणि ती जागा बाकीच्या आधी काळी पडते. डाग दोन बोटांचा असला तर बारा हीट. तळहाताएवढा असला तर एकही नाही. त्यात हे लायनिंग अवघ्या एकशे नव्वद हीटचं. भुकटी नवीन होती, गेल्या महिन्यात सांधानंच दुसऱ्या पुरवठादाराकडून निवडून आणलेली.

"भट्टी एक," अण्णा वॉकीटॉकीत म्हणाले. "लायनिंग संपलं. आत्ताच्या आत्ता बंद."

स्क्रीनवर लगेच उत्तर आलं. 'नोंद झाली. शिल्लक बारा. आजचा कार्यक्रम नऊ हीट. चालू ठेवा.'

भट्टीवर कॅमेरा होता, नाही कसा? पण तो वरच्या कठड्याला. त्याला भिंतीचा वरचा अर्धा भाग दिसे, तळ धुरात आणि मळीत. त्याचा दिवा हिरवा होता.

"इक्बाल, चार्ज टाकू नको. मी वर जाऊन येतो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, क्रेनला सांधानं सांगितलंय, ती भरणारच. मी काय करू?" इक्बाल म्हणाला. त्याच्या मागं क्रेन चार्जच्या भंगाराची बादली घेऊन सरकत होतीच.

अण्णा जिना चढले. पायाचे गार्ड, अंगावरचा जाड कोट, सगळं तसंच. उर्मिला मॅडमनी मान वर केली, त्यांना बघितलं, आणि थर्मासातला चहा कपात ओतून पुढं सरकवला.

"चहा नको," अण्णा म्हणाले.

मॅडमचा चेहरा उतरला. "किती?"

"एक पण नको. तळाला डाग आहे, एवढा." अण्णांनी पंजा उघडून दाखवला.

मॅडम वळल्या आणि स्क्रीनवर भराभरा लिहू लागल्या. 'भट्टी एक त्वरित बंद करावी. मी खात्री देते. उर्मिला तोडकर.' क्षणभरानं खाली अक्षरं उमटली. 'तोडकर यांचा कल मगदूम यांच्या बाजूनं, तीन वर्षांची नोंद. दुरुस्ती लागू. कार्यक्रमात बदल नाही.'

"अहो, तुम्ही प्लॅनिंगच्या प्रमुख! तुमच्या हातात काहीच नाही?" अण्णांचा आवाज चढला.

"होतं, अण्णा. आता मी फक्त मत देते." मॅडमनी कपाळाला हात लावला. "थांबा, साहेबांना फोन लावते."

इंगवलेसाहेब होसूरला गिऱ्हाइकाकडं होते. ते तडक बंद करू शकले असते, तेवढी किल्ली त्यांच्याकडं होती. पण फोनवर माणूस बोलत असताना सांधा त्यांच्या डोळ्यांपुढं त्याचा अर्थ लिहीत असे, आणि साहेबांना त्याची सवय लागली होती.

"साहेब, शपथेवर सांगतो, भट्टी फुटेल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, अण्णा," साहेब मायेनं हसले. "मी शाळेत होतो तेव्हापासून तुमची भट्टी फुटतेय. कॅमेरा हिरवा आहे ना? आजोबांनाही तुम्ही असंच घाबरवायचा. नऊ हीट काढा, उद्या सकाळी खुशाल लायनिंग फोडा. मी आत मीटिंगमध्ये आहे."

"साहेब, मी जिना चढून आलोय हो! चहा नको म्हणालोय!"

पलीकडं फोन बंद झाला होता. चालत येण्याची आणि चहाची नोंद सांधाकडं नव्हती. तो फक्त शब्द मोजत होता.

अण्णा खाली आले तेव्हा दुसरी हीट ओतून झाली होती. पहिला डाग बघितल्यापासून ही एक. त्यांनी केबिनमध्ये बसून डोकं चालवलं. हा बारा वजा करतो ना? मग आपण बारा वाढवून सांगावं. त्यांनी वॉकीटॉकी उचलली. "भट्टी एक. लायनिंग बारा हीटमागंच संपलंय."

'काल संध्याकाळी आपण लायनिंग ठीक असल्याचं सांगितलं आहे,' स्क्रीन म्हणाली. 'विसंगत विधान. वजन शून्य.'

"तुझ्या आयला!" अण्णांनी वॉकीटॉकी टेबलावर आपटली. मग तीच उचलून पुन्हा नीट जागेवर ठेवली, कारण दुसरं काय करणार?

उरलं लाल बटण. ते दाबलं की भट्टीची वीज जागीच तुटते. पण दोन वर्षांपूर्वी अण्णांनीच एकदा ते दाबलं होतं, रस आतच थिजला होता, आणि फोडून बघितलं तर भिंत चांगली चार बोटं जाड. तेव्हापासून बटणाला दोन कार्डं लागत. एक मेल्टिंगच्या प्रमुखाचं, एक पॅनेलवाल्याचं. नियम वाजवी होता. अण्णांनी स्वतःच तेव्हा त्यावर सही केली होती.

चौथी हीट झाल्यावर, दुपारी साडेबाराच्या सुमाराला, ते इक्बालच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "तुझं कार्ड दे."

"काय अण्णा!" इक्बालनं पॅनेलवरची नजर काढली नाही. पंधरा वर्षं तो अण्णांच्या हाताखाली होता. भट्टीचा आवाज कसा ऐकायचा, रसाचा रंग कसा वाचायचा, हे सगळं अण्णांनीच त्याला शिकवलेलं. "तुमचं बारा काढून ऐकायला तुमीच शिकवलंय की आमाला. रस थिजला तर दोघं घरी बसू."

"ह्या वेळी खरं आहे रे. तू आत बघ."

"बघितलं. धूर हाय नुसता." इक्बालनं आपल्या पिशवीतला थर्मास काढला, झाकणात चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला. "सकाळपासनं पळताय. घशाला कोरड पडली असंल."

आणि अण्णा चहा प्यायले.

कसे प्यायले ते त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. चार तास ओरडून घसा सुकला होता, डोक्यात फक्त तो काळा डाग होता, हातात काहीतरी ऊन आलं आणि ते तोंडाला लागलं. तीन घोट. झाकण परत देताना त्यांच्या लक्षात आलं.

इक्बालचा चेहरा मात्र सैल झाला होता. "बघा," तो हसत म्हणाला, "चहा घेतलासा. म्हंजे इतकं काय नाही."

"नाही, इक्बाल, चुकून घेतला. ऐक माझं…"

"बरं बरं. ही एक निघू दे. मग मी सोता खाली उतरून भट्टीच्या बुडाला हात लावून बघतो. गरम लागलं तर कार्ड तुमच्या हातात. आता तर झालं?"

पाचवी हीट दीडला निघाली. अण्णा तेव्हा फोनवर होते. साहेबांची मीटिंग संपली का ते उर्मिला मॅडमना विचारत होते, आणि मीटिंग संपली नव्हती. क्रेननं सहाव्या हीटचं भंगार भरलं. अण्णांनी मागं वळून बघितलं तर पॅनेलची खुर्ची रिकामी होती. इक्बाल दिलेला शब्द पाळायला, केवळ अण्णांचं मन राखायला, लोखंडी शिडीनं खाली उतरला होता.

"इक्बाल! वर ये!" अण्णा ओरडले.

"आलोच!" खालून आवाज आला.

भट्टी डाव्या अंगानं, तळाशी, अगदी डागाच्या जागी फुटली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही, नुसता फुस्सकन वाफेचा लोट आला आणि त्यातून पांढरा उजेड खाली सांडला. वीज आपोआप तुटली, भोंगा वाजला. अण्णा शिडी कशी उतरले त्यांनाच ठाऊक. चौघांनी मिळून इक्बालला ओढून काढलं. तो शुद्धीवर होता. त्याच्या उजव्या बुटाची जागा अण्णांना बघवली नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या फोनवर सांधाचा नेहमीचा आठवड्याचा निरोप आला. त्यात वाईट असं काही लिहिलं नव्हतं. 'भट्टी एक: आपलं विधान, शून्य हीट शिल्लक. प्रत्यक्षात निघालेल्या हीट, चार. या वेळचा फरक चार. आपलं सरासरी अंतर बारावरून अकरा पूर्णांक नऊ झालं आहे. अचूकतेबद्दल अभिनंदन.'

अण्णांनी तो तीनदा वाचला. मग उर्मिला मॅडमना दाखवला. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, हिशेब त्याचा बरोबर आहे. आणि मला आता त्याची भीती वाटते." इंगवलेसाहेब होसूरहून अपघाताच्याच दिवशी परत आले होते, दवाखान्याचं सगळं बघत होते, अण्णांच्या गळ्यात पडून रडलेही होते. अण्णांनी सांधा बंद करा म्हटल्यावर मात्र मान खाली घालून म्हणाले, "आता त्याच्याशिवाय एक ट्रकसुद्धा भरता यायचा नाही, अण्णा." तेही खरंच होतं.

त्या संध्याकाळी पाचला अण्णा दवाखान्यात गेले. वॉर्डाच्या दारातच इक्बालची बायको शबाना उभी होती. डोळे सुजलेले.

"डॉक्टर म्हणत्यात, उजवा पाय काढायला लागणार. गुडघ्याखालनं. उद्या सकाळी," ती म्हणाली. "त्यांना अजून म्हाईत नाही. माझ्या तोंडातनं निघंना. अण्णा, तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात ते."

अण्णा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. इक्बालच्या पायांवर चादरीचा तंबू केलेला होता. तोंड ओढलं होतं, पण डोळे जागे.

"डॉक्टर माज्याशी बोलंनात," इक्बाल म्हणाला. "काय म्हणत्यात, अण्णा? पायाचं?"

अण्णांनी काहीही न वाढवता, काहीही न राखता सांगितलं. "उजवा पाय जाणार, इक्बाल. गुडघ्याखालून. उद्या सकाळी."

इक्बाल त्यांच्याकडं बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या ओठांवर ओळखीचं हसू आलं.

"वजा बारा," तो म्हणाला.

"नाही रे, बाबा…"

"तुमी आत्ता फुटंल म्हणालावता, तरी चार निघाल्याच की. तुमचं कायम चढवूनच असतं. पाय जाणार म्हणताय, म्हंजे फार तर दोन बोटं जातील." त्यानं उशाच्या थर्मासाकडं मान वळवली. "शबाना, अण्णांना चहा दे."

शबानानं कप भरला. इक्बालनं तो आपल्या हातात घेतला, कोपरावर टेकून जरा उठला, आणि अण्णांच्या पुढं धरला. आता तो हसत नव्हता. नजर अण्णांच्या तोंडावरून हलत नव्हती.

अण्णांना कळलं. दोन शब्द म्हटले की झालं. या दोन शब्दांपुढं कुणी काही वजा करत नाही, तारामतीतला कुणीच नाही. मंगळवारी दुपारी ते शब्द वेळेवर तोंडातून निघाले असते तर हा माणूस आज घरी असता. आणि आज निघाले, तर या क्षणापासून उद्या सकाळपर्यंतचे सगळे तास त्याला एकट्यानं, पाय मोजत काढावे लागणार होते. अण्णांचे ओठ उघडले. इक्बाल बघत होता.

अण्णांनी कप घेतला आणि ते चहा प्यायले.

इक्बाल उशीवर मागं टेकला, डोळे मिटले, आणि छातीतली सगळी हवा बाहेर सोडली. शबाना तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

"अण्णा," इक्बाल डोळे न उघडता म्हणाला, "माजी नवी बुटाची जोडी लॉकरला हाय. कुणाला देऊ नका. पंधरा दिवसांत येतोय मी."

"ठेवतो," अण्णा म्हणाले, आणि रिकामा कप हातात धरून बसून राहिले.